कच्चा दोरा

मालन लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली
आणि तिसऱ्या आठवड्यात मी तिची ट्रंक उघडली.
पलूसच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथ चालवला,
आता हातांना काम नव्हतं
आणि हात काही ऐकत नव्हते.

आत डांबरगोळ्यांचा वास.
ओटीत आलेले खण, कुणाकुणाच्या लग्नातले,
माझी खाकी पँट, गुडघ्यात विरलेली,
विट्याच्या मागावरचं वारभर मांजरपाट,
एक पडदा, ज्याची खिडकीच आता नाही.
म्हटलं, येणाऱ्या बाळाला वाकळ करू.

खडू घेतला. स्टीलची पट्टी घेतली.
सहा इंच बाय सहा इंच, काटकोनात, दोन सुतांची शिलाई सोडून.
कापड म्हणजे लोखंड नव्हे,
हे कापेपर्यंत कळत नाही.
आडवं धरलं तर ताणतं, तिरपं धरलं तर खोटं बोलतं.
चौकोन जुळवायला गेलो,
तर एकही कोपरा दुसऱ्याला ओळखेना.

मी आधी चारी कडा पक्क्या केल्या,
जॉब घट्ट धरायचा, ही सवय.
मग आत शिरत गेलो, तसं सगळं ढिलं कापड
पुढं पुढं सरकत मधोमध जमलं.
टेंगूळच आलं.
वर लाल खणानं पहिल्याच धुण्यात
शेजारच्या मांजरपाटाला गुलाबी करून सोडलं.
आधी भिजवायचं असतं म्हणे.

समोरच्या रशिदाचाची शिकलगार
आख्ख्या गल्लीच्या वाकळा शिवतात.
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"भाऊ, ही वाकळ हाय का सांडग्याचं ताट?"
मग हात फिरवत म्हणाल्या,
"आदी कच्चा दोरा घालायचा. लांब लांब, इतीएवढा.
कापडाला कळू दे की कुठं बसायचंय.
मग पक्का टाका. मग कच्चा काढून टाकायचा."

काढण्यासाठीच घालायचा टाका!
आमच्या शॉपमध्ये असं काही नव्हतं.

उसवायला बसलो.
लेथवर दोन सुतं जास्त गेली की गेलीच,
निघालेला कीस परत चिकटत नाही.
सुपरवायझर लाल फराटा मारायचा, जॉब भंगारात.
माझे फराटे मला तारखेनिशी आठवतात.
इथं मात्र दोरा निघतो.
भोकं राहतात थोडा वेळ, पाणी लागलं की मिटतात.
एकच ओळ मी तीनदा उसवली,
आणि तिसऱ्यांदा, खरं सांगतो,
मजा आली.

फोनवर तिला सांगितलं. खूप हसली.
मग म्हणाली, "त्यातलं मोरपंखी नाही ना घेतलं?
कागदात गुंडाळलेलं."
कागद मला आठवला.
मी त्याची नीट घडी घालून कपाटावर ठेवली होती.
कापडाचे नऊ चौकोन झाले होते.

"असू दे," म्हणाली.
तिचं 'असू दे' मला चौतीस वर्षांत पुरतं कळलेलं नाही.
फोन ठेवल्यावर कळलं ते एवढंच,
की सुईचं काम वेगळं,
कात्री मात्र लेथचीच बहीण.

माघात ती बाळ-बाळंतिणीला घेऊन आली.
वाकळ कॉटवर पसरली.
टेंगूळ पुरतं बसलं नव्हतंच, त्यावरून तळवा फिरवला.
मग बोटानं मोरपंखी चौकोन मोजले, नऊ,
त्यातला एक मी उलटा लावलेला.
"कशासाठी ठेवलं होतंस?" मी विचारलं.
"गणपती पेठेतनं आणलं तेव्हा ठाऊक होतं,"
म्हणाली. पुढं काही नाही.

तेवढ्यात तिला माझी एक चूक सापडली,
एक कच्चा दोरा काढायचाच राहिला होता,
पांढरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तिनं गाठ दातानं तोडली
आणि हलक्या हातानं ओढत राहिली.
तुटला नाही. आख्खा निघाला.
बोटाभोवती गुंडाळला,
आणि टाकून न देता
ट्रंकेत ठेवला.