इरबेकु

खडेबाजारात आमचं भांड्यांचं दुकान.
समन्स आलं तेव्हा एका घागरीला टिचकी मारून
मी कान लावून बसलो होतो.
ज्युरी आहे, शिपाई म्हणाला, टोपी घालून या.

पाच जण आम्ही.
मी, एक अडत्या, दोघे इनामदार,
शहापूरचे एक लुगड्यांचे व्यापारी, सारखे शिंकणारे.
खून देसूरच्या शिवारातला.
आरोपी परशा तुडयेकर. पितो, हे गावभर ठाऊक.
पहिल्याच दुपारी, खरं सांगतो,
मी त्याला मनातल्या मनात फाशी दिली
आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

साक्षीला निंगव्वा. डोक्यावर गवताचा भारा,
चांदणं नव्हतं, कंदील लांब.
'अवने इरबेकु,' म्हातारी म्हणाली.
दुभाष्यानं मान वर न करता मराठी केलं:
'तोच होता.'
माझी आई बैलहोंगलची. मला कळलं.
पण ज्युरीनं मध्ये बोलायचं असतं का
हे कुणी सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी जज्जसाहेब आमच्याकडे वळले.
साहेब धारवाडचे, आवाज बारीक.
'बाई होता म्हणाल्या नाहीत. असावा म्हणाल्या.
या दोन शब्दांच्या मध्ये
एक माणूस जिवंत उभा आहे, त्याच्याकडे बघा.
धोतरावरचं रक्त बोकडाचं की माणसाचं
डॉक्टरांना सांगता आलं नाही. तुम्हीही सांगू नका.
तो पितो, हे तुमच्या कानावर आलंय.
विसरा म्हणत नाही, विसरता येत नसतं.
पण त्याचा पुरावा करू नका.
कायदा माझ्याकडून घ्या.
कोण खरं बोललं, ते मी सांगणार नाही.'
एवढं बोलून पाणी प्याले.
पंखा ओढणारा पोरगा दचकून जागा झाला.

आतल्या खोलीत थोरले इनामदार तडकले:
'असावा म्हणजे होताच की! आपण बोलतो तसं!'
चहा आला, गार झाला.
तिघे एकीकडे, दोघे एकीकडे.
मी कुठं होतो, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.
परशा सुटला.

दिवाळीच्या तोंडावर
मेलेल्याची बायको दुकानात आली.
तांब्या हवा होता. मी टिचकी मारून दाखवली.
'चिरलेला नाही न्हवं?'
'नसावा,' मी म्हणालो.

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली.
मग तांब्या खाली ठेवला
आणि पलीकडच्या दुकानाची पायरी चढली.