सावलीचे पैसे

सोहारमध्ये सावली हुद्द्याप्रमाणे मिळते.
बंदरावरच्या पार्किंगमध्ये श्रीरंगला
कापडी छपराखालची जागा नाही,
म्हणून संध्याकाळी तो स्टिअरिंग
जुन्या टॉवेलात धरून घरी येतो,
चुलीवरून पातेलं उतरवावं तसं.

शाळेतही तेच निघालं.
शीजा मॅडम म्हणाल्या, यदुला शॅडो टीचर लागेल.
शेजारी बसायला, पान उलटायला,
घंटेला त्याने कान झाकले तर
खांद्यावर हात ठेवायला.
पगार पालकांनी द्यायचा,
महिना एकशे ऐंशी रियाल.
फीपेक्षा सावली महाग.

मला हसू आलं.
नको तिथे येतं, जुनी खोड आहे.

पहिल्या मीटिंगला मी रडले होते.
त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला,
इतक्या सरावाने,
की या खुर्चीत माझ्याआधी
किती जणी बसून गेल्यात ते कळलं.

दुसऱ्या मीटिंगला श्रीरंग आला.
शाळेच्या समितीवर त्याच्या कंपनीचे भागीदार,
तेव्हा तो टेबलाखाली
माझ्या चपलेवर बूट ठेवून बसला.
मी तोंड उघडलं की दाबायचा.
परतताना म्हणाला, सप्टेंबरात व्हिसा संपतोय, लक्षात ठेव.
लक्षात आहे.
ओळखपत्रावर मी आश्रित.
यदुही आश्रित.
आणि डॉक्टरांच्या अहवालात, शेवटच्या ओळीत,
मुलाला स्वावलंबी करावे.

आज एकटी गेले.
तिसऱ्या मजल्यावरच्या फरहानाने सांगितलं होतं,
"रोना नक्को बाजी, फाइल बनाओ."
तिची मुलगी गेल्या वर्षी याच शाळेतून
घरी बसली.
फाइलमध्ये कानांची तपासणी, मस्कतचा अहवाल,
लाल शाईतले सगळे शेरे तारीखवार,
आणि कुणी न मागितलेलं एक पान:
यदुला काय येतं.

सुरमईतला काटा तो जिभेनेच शोधतो.
पाण्याचा टँकर दोन गल्ल्या अलीकडे असताना
बादल्या दाराशी आणून ठेवतो.
त्याला 'ळ' म्हणता येतो,
जो या शाळेत
शीजा मॅडम सोडून कुणालाच येत नाही.

सरांनी ते पान उलटलं.
म्हणाले, ऑगस्टनंतर आम्हाला जमेल असं वाटत नाही,
तुम्ही दुसरीकडे प्रयत्न करावा.
दुसरीकडे.
एका अंगाला समुद्र, एका अंगाला डोंगर,
मधे एक लांबलचक हायवे.

मी म्हणाले, लिहून द्या.

इतका वेळ सगळे किती भराभर बोलत होते.
आता नुसता एसी.
काय लिहून, सर म्हणाले.
जे आत्ता बोललात ते. लेटरहेडवर. सही आणि शिक्का.
पेनचं टोपण निघालं,
परत लागलं,
परत निघालं.
पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाले.
मी वार विचारला. वेळ विचारली.
त्यांच्यासमोर वहीत लिहिली,
आणि हात थरथरतोय हे त्यांना दिसू दिलं.

निघताना शीजा मॅडमनी,
टेबलाकडेच बघत,
त्या पानाची एक झेरॉक्स मागितली.

बाहेर बारा वाजून गेलेले.
यदु उन्हात पाय टाकत नाही.
बसच्या सावलीतून खांबाच्या,
खांबाच्या सावलीतून पाटीच्या,
असा उड्या मारत आला,
आणि पुढे गाडीपर्यंत काहीच नव्हतं.
माझी सावली बघितली त्याने.
एवढीशी, पायांभोवती सांडलेली.
विचार केला,
मग माझ्या दोन्ही चपलांवर चढून उभा राहिला,
पाठ माझ्या पोटाला लावून.

फाइल डोक्यावर धरली.
तसेच निघालो, चार पायांचं एक जनावर,
फार हळू.
मागे खिडकीशी कुणी उभं असेल तर असो.