डबीची परीक्षा

"परीक्षा तुमची नाही, दोसिंदा,
या डबीची आहे," मी म्हटलं,
आणि पट्टा तिच्या कमरेला बांधला,
माकडहाडाच्या चार बोटं वर.
काड्यापेटीहून लहान ती डबी.
"बिचारी," ती म्हणाली. "नापास झाली तर?"

पायाखाली जमिनीत बसवलेली पोलादी पाटी.
पाटी सांगेल ते प्रमाण,
डबी सांगेल ते ताडून पाहायचं.
आ कोरुन्यातलं तळघर, यादीतलं एकविसावं नाव,
मोजे काढलेले, पावलं खडूच्या रेघेत.
डाव्या अंगठ्याला नख नाही.
"लाटेनं नेलं."
एवढंच.
चाळीस वर्षं कॉर्मेच्या कड्यांवर
तिनं पर्सेबे खरवडले,
कमरेला दोर,
समुद्राकडे पाठ कधीच नाही.

भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघा. साठ सेकंद.
पडद्यावर दोन रेघा,
पाटीची जिकडे वळेल तिकडे डबीची.
मग पायाखाली फोम.
मग डोळे मिटून.

आणि तिथे पाटीची रेघ
संथपणे चवड्यांकडे झुकली, मागे आली.
अकरा सेकंदांनी पुन्हा.
पुन्हा अकरा.
डबीची रेघ सपाट.
इतक्या सावकाश जे हलतं
ते हलणं नव्हेच, गाळून टाक,
असं आम्हीच तिला शिकवलेलं.
चाळणी माझी होती,
मार्चमध्ये घाईघाईत बसवलेली.

"डोळे मिटल्यावर काय करत होता?"
"काय करणार? उभी होते."
मग बुटाची नाडी बांधता बांधता:
"तिकडे डोळे मिटून कोण उभं राहतं, पोरी?
मिटलेच, तर निदान मोजावं तरी."

संध्याकाळी ब्रेइशोनं तक्ता भरला.
सरासरी फरक तीन मिलिमीटर, मेळ उत्तम.
एकविसावी ओळ वगळायची का, त्यानं विचारलं,
उगाच आकडा बिघडवते.

मी चाळणी काढून पाहिलं.
डबीला सगळं कळलं होतं.
कच्च्या आकड्यांत, गोंगाटाच्या तळाशी,
ते पुढे रेलणं होतं,
येणाऱ्या पाण्याला खांदा द्यावा तसं.

ब्रेइशो गेल्यावर दिवा तसाच ठेवून
मी पाटीवर उभी राहिले, डोळे मिटून.
माझी रेघ नुसती थरथरती,
कशाचीच वाट न पाहणारी.
पट्टा सैल होत होता.
बक्कल अजून तिच्याच मापावर होतं.