पातळी

डंडीत डिसेंबरातला दिवस म्हणजे
दारातून चप्पल न काढताच परतणारा माणूस.
विश्राममामांना हे पटेना.
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं
कृष्णेची पातळी टिपलेली;
आल्या आल्या फ्रिजवर कागद लावला:
२१ डिसेंबर. मावळला ३:३५.

मामी शेजारच्या मॉराच्या मिन्स पायला
‘तोंड उघडी करंजी’ म्हणाल्या
आणि तीन खाल्ल्या.
हवेची गादी मध्यरात्री फुस्स व्हायची,
मग सगळे हॉलमध्येच,
एकमेकांच्या घोरण्याला टेकून.

नाताळच्या दुपारी आम्ही टर्कीशी झटत होतो,
मामा कानटोपी घालून पुलाकडे.
परतले ते दवभरल्या मिशांनी:
“तुमची टे नदी भरतीला उलटी वाहते गं!
आमच्या साहेबांना असं कळवलं असतं
तर मेमो मिळाला असता.”

सत्तावीसला जेवता जेवता जाहीर केलं:
चार मिनिटं परत आली.

चार जानेवारीला त्यांना विमानतळावर सोडून आलो.
गादी अजून अर्धी फुगलेली.
इरा खुर्चीवर चढली,
त्यांच्या अक्षराखाली
मराठी नऊ उलटा काढत लिहिलं:
३:४९.

बाहेर नुसते ढग होते.
मी काही बोलले नाही.