दुसरा हात

घरच्या भिंतीवर एकादशी, अमावास्या,
बायकोने लाल शाईत लिहिलेली सिलिंडर लावल्याची तारीख.
दुकानाच्या भिंतीवर माझं दुसरं पंचांग :
दोन फेब्रुवारी, पाणथळ जागा.
चोवीस मार्च, क्षयरोग.
पंधरा जून, म्हाताऱ्यांचा छळ.
एकोणीस नोव्हेंबर, शौचालय,
त्याचीच मापं सर्वांत मोठी असतात, का कोण जाणे.
जगाला कसली कसली जाणीव व्हायची राहिलीय
ते मला आठ दिवस आधी कळतं,
पन्नास टक्के आगाऊ घेऊन.

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारामागे माझं फ्लेक्सचं दुकान.
दर फुटावर. दुःखाला वेगळा दर नाही.
गेल्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं,
प्रमुख पाहुणे बदलायचे,
तेही फारसे बदलत नाहीत.

दिवस सरला की मगच बॅनर खऱ्या कामाला लागतो.
तंबाखूविरोधी दिन हळदोण्यात एका गाड्याचं छप्पर झालाय,
खाली कायतान सुट्या सिगारेटी विकतो.
पाणथळ जागा शापोऱ्याच्या काठी होडीवर पालथी,
छापलेल्या बगळ्यावर नेमका बगळा येऊन बसतो.
पर्यावरण दिनाबद्दल मी बोलत नाही.
धंदा आहे.

सगूण नऊ वर्षं माझ्याकडे.
कडा दुमडतो, रिंगा ठोकतो.
हातोडीचा आवाज त्याला ऐकू येत नाही,
म्हणून तर ठेवला होता.
हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिलं.
आमचं बोलणं एवढंच :
खांद्यावर थाप म्हणजे ऐक,
दोन बोटं म्हणजे चहा,
मनगटावर टिचकी म्हणजे उशीर.
नऊ वर्षांत याहून जास्त लागलं नाही.
म्हणजे, मला लागलं नाही.

मग सप्टेंबरात,
माटोळीची सुकलेली फळं अजून घरात होती,
पणजीहून ऑर्डर आली.
तेवीस तारीख, सांकेतिक भाषा दिन, दहा बाय चार.
मी नेटवरून हातांची एक ओळ उतरवली,
मागे निळा रंग, वर ठळक :
आवाज नसलेल्यांचा आवाज.
मशीनमधून कापड ओलं ओलं सरकत आलं.

सगूणने रिंगांचा डबा खाली ठेवला.
वाकला. ओळीवरून बोट फिरवत गेला
कुणी जुनं पोस्टकार्ड वाचावं तसा,
आणि हसायला लागला.
त्याचं हसू मोठं असतं.
शेजारचा चपलांवाला डोकावला.
मग त्याने डावा हात माझ्या नाकासमोर धरला,
उजवा त्याला टेकवला.
चित्राकडे बोट. पुन्हा दोन्ही हात.

मला वेळ लागला.
छापलेल्या प्रत्येक अक्षराला एकच हात होता.
कुठल्या तरी परक्या देशाची बाराखडी.
इकडची अक्षरं दोन हातांनी होतात.
दुसरा हात कुठाय,
तो विचारत होता.

चाळीस फूट वाया.
दुपारभर त्याने हात धरले, मी फोटो काढले.
अंगठ्याचं नख काळं, हातोडी चुकल्याचं.
स्क्रीनवर पुसून दाखवलं, असं करू?
त्याने मान हलवली.
वरची ओळ मात्र त्याचं हसू ऐकून मीच काढली.

संध्याकाळी त्याच्या फोनवर मडगावचा कुणी मित्र.
बोटं इतकी झरझर की मला पाणी उपसल्यासारखी दिसली.
मध्येच सगूणने माझ्याकडे दाखवलं
आणि नसलेला चष्मा नाकावर वर ढकलला.
पलीकडच्याने लगेच मान डोलावली. अच्छा, तो.
म्हणजे नाव होतं मला.
नऊ वर्षं मडगावपर्यंत ठाऊक होतं,
मलाच कुणी हाक मारली नव्हती.

कार्यक्रमाला त्याला बोलावणं नव्हतं.
मलाही नव्हतं.
त्याचे हात गेले.

आज पंधरा ऑक्टोबरची ऑर्डर,
हात धुण्याचा दिवस.
नळ, फेस, हात.
छापण्याआधी मी त्याच्या खांद्यावर थाप मारत नाही,
समोर जाऊन उभा राहतो.
तो चित्र बघतो,
मोजतो,
आणि रिंगांचा डबा उचलतो.