दोन बोटं

सुटी, खोक्यांतून आलेली गाडी
जोडली आम्ही जालन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये.
उभी असली की झकास :
मागची चाकं रुंद,
दंड फुगवलेल्या पोरागत.
मागं दोघं बसले की
घर्रर्र.
कमानीची कड टायर खरवडते.

नुसरतभाई म्हणाला, डोळ्यानं नक्को मापू,
घरून कणकेचा गोळा आण.

कमानीत आतून थापला.
सळईचे तुकडे गोणीत भरून मागं टाकले,
भोकरदन नाक्याचा गतिरोधक हळू ओलांडला.
कणकेवर टायरची नक्षी उमटली,
आणि जिथं सगळ्यात खोल,
तिथून फायबर दिसत होतं.

चकती काढली, चाक आत घेतलं,
तर आतून शॉकअपला टेकलं.
अर्धी चकती परत.
मग कड घासली; फायबरची खाज
रात्रभर कोपरापर्यंत.
स्प्रिंग भंगारातली, एका वेटोळ्यानं जाड.

पुन्हा कणीक, पुन्हा नाका.
दोन बोटं जागा, नुसरतभाईची;
म्हणजे माझी तीन.

परत येताना मागं तो, त्याचा भाऊ
आणि लिफ्ट मागितलेला एक अनोळखी.
गतिरोधक आला तसे तिघंही गप्प.
अनोळखी कशाला गप्प झाला,
त्यालाच ठाऊक.