अर्धा मिलिलिटर

बाटली माझ्याकडे असते.
खालच्या मजल्यावरचा वेइयो ती घरात ठेवत नाही,
आणि का, ते मी विचारत नाही.
कायानी गाव लहान. त्याची बायको गेली
तेव्हा तिची सूटकेस जिना उतरताना ऐकली होती मी,
प्रत्येक पायरीवर एकदा.

चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली.
थेंब मोजायचे म्हटलं की अजून हात स्थिर होतो.
म्हणून नोव्हेंबरात तो दारात आला, टोपी हातात घेऊन,
आणि म्हणाला, टाकीत नायट्रेट ऐंशीवर गेलंय.
नळीतला गुलाबी रंग
तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनाहून गडद.
हातोडी-प्रवाळ मूठ आवळून बसलंय,
काचेवर तपकिरी शेवाळ, रोज पुसलं तरी रोज.

चूक माझीच, म्हणाला.
एकट्या माणसाला कुणाला तरी जेवू घालायचं असतं.
दिवसातून चारदा कोळंबी टाकत होतो.
मासे जे खात नाहीत ते वाळूत जातं,
आणि वाळू काही विसरत नाही.

मग वाळू उपसली त्याने, नळी लावून.
न्हाणीघरात बादल्या भरून मीठ कालवलं,
दर रविवारी पाचवा हिस्सा पाणी बदललं.
माझ्या मजल्यापर्यंत समुद्राचा वास यायचा.
आमचा जवळचा समुद्र दीडशे किलोमीटरवर,
तोही अर्धा गोडा, आणि हिवाळ्यात त्यावरून गाड्या जातात.
ऐंशीचे सत्तर व्हायचे, बुधवारी परत अठ्ठ्याहत्तर.

आता एकच उरलंय, म्हणाला.
नायट्रेट खाणारे जंतू असतात, पण त्यांना कार्बन लागतो.
सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात सोपा—
तो शब्द त्याने माझ्या पायपुसण्याला सांगितला.

सरकारी दुकानात मी गेले, काठी टेकत.
गल्ल्यावरच्या मुलीने हसून विचारलं, वाढदिवस?
जंतूंचा, म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता
मी सिरिंज भरून खाली जाते.
बाहेर उणे एकतीस, खिडकीच्या आतून बर्फाची फुलं.
तो ती दोन बोटांत धरतो, चेहऱ्यापासून लांब,
पंपासमोर रिकामी करतो.
पाण्यात क्षणभर काहीतरी थरथरतं,
काचेवर उन्हाळ्यातली हवा थरथरते तसं.
मग काहीच नाही.
सिरिंज धुऊन तो मला परत देतो.

तीन आठवडे ऐंशी.
ऐंशी.
ऐंशी.

फेब्रुवारीत एका रात्री दोन वाजता दार वाजलं.
उद्याचा डोस आज दे, म्हणाला, आणि दुप्पट.
मी म्हणाले, दुप्पट दिलं की पाणी दुधाळ होतं,
आतला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन तोंड उघडतात.
तूच सांगितलंस मला.
कुणाच्या डोसबद्दल बोलतोय
ते दोघांनीही विचारलं नाही.
कॉफी केली. राईची भाकरी होती, लोणी होतं.
पाच वाजता बर्फ काढणारी गाडी आली
आणि तिचा पिवळा दिवा छतावर फिरत राहिला.

त्याच आठवड्यात स्किमरचा पेला भरू लागला,
काळा, सांडपाण्यासारखा वास येणारा.
वेइयो तो मला अभिमानाने दाखवायचा.
पन्नास. मग पंचवीस.
नळीतला रंग बीट धुतलेल्या शेवटच्या पाण्याएवढा.
एप्रिलात पाच.

शून्य करू या, म्हणाला.
मी म्हणाले, नको.
शून्यावर प्रवाळ उपाशी पडतं, पांढरं होतं.
थोडं राहू दे की.

आज तो दार उघडेना.
सव्वासात. साडेसात.
माझ्याकडे किल्ली आहे, तीही त्यानेच दिलेली.
टाकीसमोरच्या खुर्चीत होता तो, मान कलती,
निळा उजेड तोंडावर, एक मोजा पायात, एक नाही.
मी जवळ गेले, वाकले, वास घेतला.

मीठ.
फक्त मीठ.
आणि त्याचं घोरणं.

काचेमागे हातोडी-प्रवाळाने मूठ उघडली होती,
सगळी बोटं पाण्यात.
सिरिंज मीच रिकामी केली, पंपासमोर,
आवाज न करता.